चिठ्ठीत आलेली बाजू

वकीलबाई हे तिचं घरातलं नाव. बोलायला लागल्यापासून तिने कुणाचं काही निमूट ऐकलं असेल तर शपथ. दूध आधी की आंघोळ आधी, यावरही ती अण्णांशी हुज्जत घालायची, आणि अण्णा कौतुकाने म्हणायचे, "हिला आत्ताच काळा कोट शिवून टाका." पुढे ती खरंच वकील झाली आणि आंतरराष्ट्रीय आर्थिक कायदा शिकायला परदेशी गेली. देशादेशांतली व्यापाराची भांडणं कशी सोडवायची, याचा तो अभ्यास. जगात इतके कायदे पडलेले असताना तिने नेमका हाच का उचलला, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

अण्णांचा पितळी नळांचा कारखाना होता. बाहेरच्या देशातून स्वस्त नळ आले आणि कारखाना बसला. आता अण्णा एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरमागे उभे राहून तेच नळ विकत. गिऱ्हाईकाच्या हातात नळ ठेवताना मात्र हटकून म्हणत, "आमच्या नळाची सर नाही हो याला." मालक कपाळाला हात लावायचा. पण तेवढ्या एका गोष्टीवर अण्णांची मान ताठ होती: आपलं काही चुकलं नाही, आपल्याला बाहेरच्यांनी बुडवलं. विमानतळावर लेकीला निरोप देताना ते म्हणाले होते, "आमचीही बाजू मांड गं तिथे कुणापुढे तरी."

तशी संधी चालून आली. वर्गात खोटा खटला उभा करून खरा युक्तिवाद करायचा होता. कपाळावर चष्मा चढवून टेबलभर चष्मा शोधणाऱ्या प्राध्यापिकेने विद्यार्थ्यांकडूनच विषय मागवले. वकीलबाईने नळांचा दिला, आणि नेमका तोच निवडला गेला. तिने हरखून घरी फोन केला. "अण्णा, तुमचाच खटला चालणार आहे! मोबाइलवर थेट दिसेल. आई, तू अण्णांना अर्थ सांग." आई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली होती.

मग कोण कुठल्या बाजूने बोलणार ते ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. तिथली रीतच तशी. वकिलाला कुठलीही बाजू मांडता आली पाहिजे. वकीलबाईच्या चिठ्ठीत आला नळ पाठवणारा देश.

बाजू बदलून मागावी असं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण वर्गाला काय सांगणार, अण्णांना वाईट वाटेल म्हणून? घरी कळवायचं तर आज-उद्या करत राहून गेलं. कायद्याचं इंग्रजी अण्णांना कुठलं कळायला, आईसुद्धा अर्ध्यात कंटाळेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. शिकलेल्या माणसाला स्वतःला फसवायलाही मुद्दे सापडतात.

खटल्याच्या खोलीत लांबलचक टेबल, पाण्याचे जग, समोर तीन परीक्षक. भांडण एकाच गोष्टीवर होतं. कारखाने बंद पडले हे खरं, पण ते स्वस्त मालामुळेच पडले का? तसं सिद्ध झालं नाही, तर त्या मालावर जादा कर लावता येत नाही. विरुद्ध बाजूची जोडी पुस्तकं वाचून आली होती. वकीलबाई कारखान्यात वाढली होती. घाव कुठे घालायचा, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

तिने उदाहरण म्हणून एक कारखाना घेतला. तिथलं लेथ मशीन मालकाच्याच वयाचं. ओतकामात बारीक भोकं राहायची आणि माल परत भट्टीत जायचा. नळ गळतात म्हणून तक्रारी यायच्या, त्याही बाहेरचा नळ येण्याआधीपासून. नवं मशीन घ्यायची वेळ आली तेव्हा पॉलिशवाल्या जुन्या कामगारांचं काम जाईल म्हणून मालकाने ते घेतलं नाही. पलीकडच्या गावातल्या कारखानदाराने घेतलं, आणि तो टिकला. "कारखाना आतूनच आजारी होता," ती म्हणाली. "आमच्या नळांनी त्याला मारलं नाही." बोलताना तिला रंग चढला होता. कोण ऐकतंय याचा तिला खरोखर विसर पडला. परीक्षकांनी एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला.

घरून फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच लावला. आईने उचलला.

"सगळं सांगितलंस त्यांना?"

"मधलं थोडं गाळत होते गं. त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, चाळणी लावू नकोस, बोलतेय तसं सांग."

मग अण्णा आले. "जिंकलीस ना? जिंकणारच. काय झकास बोललीस! मला पटलं."

"काय पटलं अण्णा? अहो, चिठ्ठीत ती बाजू आली म्हणून..."

"कळलं ते. पण चिठ्ठीत आमचं लेथ नव्हतं ना? ते खरंच होतं."

"थांबा. आता दुसरी बाजू ऐका." ती खुर्चीवरून उठून उभी राहिली, जणू परीक्षक समोर होते. "त्या किमतीत तुमचं नुसतं पितळही आलं नसतं. तिथे कुणीच टिकला नसता."

"पलीकडच्या गावातला टिकला की. त्याने मशीन घेतलं होतं. तूच म्हणालीस काल."

"तुम्ही नाही घेतलं ते माणसांसाठी!"

"ती माणसं तरी कुठे राहिली, बाळा? कारखान्याबरोबर तीही गेलीच."

तिच्याकडे आणखी मुद्दे होते. पण एकेक करून ते सगळे तिनेच त्या खोलीत खोडून काढले होते. आयुष्यात पहिल्यांदा वकीलबाईने हुज्जत अर्ध्यावर सोडली. तिला रडू फुटलं.

"रडतेस काय वेडे? मी रागावलो नाही हं," अण्णा म्हणाले. "नीट जेवत जा." आणि त्यांनी फोन आईकडे दिला.

पुढच्या आठवड्यात आईने बोलता बोलता सांगितलं, दुकानाचा मालक अण्णांवर भलताच खूश आहे. आता ते गिऱ्हाईकाच्या हातात नळ ठेवतात आणि एवढंच म्हणतात, "घ्या, चांगला आहे."