चार शतांश

स्टॉपवॉचचं बटण दाबायला माणसाच्या अंगठ्याला साधारण दोन दशांश सेकंद उशीर होतो, आणि तो दर वेळी सारखा नसतो. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढलेल्या त्या बाईला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून मुलींच्या हॉकी संघाच्या निवडीत वेळ मोजायचं काम गळ्यात पडलं, तेव्हाच तिने संघाच्या प्रशिक्षक सरांना बजावलं होतं, "बारीक फरकावर विसंबू नका."

आणि नेमका बारीक फरकच आला. संघातली सोळावी, शेवटची जागा. स्टिकने चेंडू रेटत तीस मीटर धाव. तिच्या लेकीला ९.३१ सेकंद, कॅप्टनच्या धाकट्या बहिणीला ९.३५. घड्याळाने दाखवलं तेच तिने लिहिलं होतं.

"आकडे तुमचे, तर नावही तुम्हीच सांगा," म्हणून सरांनी अंग काढून घेतलं. तिने एक दिवस मागितला होता. आज आठवा उजाडला.

मैदानाच्या कडेला पालकांचा बाक होता. त्यावर गोलकीपरचे बाबा, कॅप्टनची आई, अशी माणसं बसत. ती दोन महिने नुसती 'नव्या बाई' होती, आणि उभी राही.

आज कॅप्टनच्या आईने सरकून जागा दिली. "बसा हो. ठरलं का?"

"दोघी सारख्याच आहेत. पुन्हा धावू द्या, वेळ दुसऱ्या कुणाला घेऊ द्या."

"म्हणजे आधीची खोटी?"

"खोटी नाही, पण..."

"घरचं घड्याळ, घरचाच अंगठा!" गोलकीपरचे बाबा म्हणाले आणि अख्खा बाक खिदळला.

"हसताय काय?" कॅप्टनच्या आईने दटावलं. "बाई शिकलेल्या आहेत. स्वतःच्या पोरीसाठी शब्द फिरवायच्या नाहीत त्या. हो ना हो, बाई?"

मैदानातून लेक धावत आली. गुडघे खरचटलेले, स्टिकच्या मुठीला नवी कोरी पट्टी गुंडाळलेली.

"आई, सांगितलंस? मीच पुढे होते ना? तूच म्हणालीस घरी."

बाकावरचं हसू एकदम थांबलं. सगळे कान टवकारून बसले. लेकीच्या रडण्याची भीती तिला वाटली नाही. भीती वाटली ती ते हसू पुन्हा फुटण्याची. हे स्वतःबद्दलचं निरीक्षण अचूक आहे, हेही तिला कळलं. त्याने फरक मात्र काही पडला नाही.

सर यादी घेऊन आले. पेनाचं टोपण काढत म्हणाले, "हं, बोला बाई. आता उशीर नको."

लेकीने तिचा हात धरला. तिने तो हलकेच सोडवून घेतला.

"धाकटीला घ्या," ती म्हणाली. "माझ्या मुलीची वेळ मीच चार शतांश कमी लिहिली होती."