पोफळीवरचं हिरवं

"अगं, हे काय करून ठेवलंस?" शिवदास मास्तर वाडीच्या कवाडातच थबकले.

विहिरीकाठच्या चारही पोफळी पांढऱ्याशुभ्र उभ्या होत्या. छातीइतका चुना, वर गेरूचा पट्टा. त्यांची बायको वेणूबाई करवंटी टाकून हसत पुढे आली. "साहेब आपली झाडं बघायला येनार म्हनलात ना? समदं शेवाळ खरवडलं. त्या घाणीत पावण्यांना उभं करायचं व्हय?"

नुकत्याच सुरू झालेल्या एसटीनं मास्तर काल म्हसळ्याला गेले होते, पुण्याच्या प्रोफेसरांना आणायला. तेवढ्यात हे झालं.

ते शेवाळ नव्हतं, सालीला चिकटून वाढणारी एक इवली वनस्पती होती. भिंगाखाली त्याला पानं दिसत, दोन रांगांत, कौलांसारखी एकावर एक चढलेली, आणि प्रत्येक पानाच्या पोटाशी पाणी साठवणारी इवलीशी पिशवी. रहाटाचे शिंतोडे बारमाही उडत तेवढ्याच सालीवर ते वाढे. श्रीवर्धनच्या साऱ्या वाड्या मास्तरांनी पालथ्या घातल्या, पण दुसरीकडे ते मिळालं नाही. त्यांनी पाठवलेला वाळका नमुना प्रोफेसरांना पुरला नव्हता. वाळलं की पेशींतले तेलाचे थेंब उडून जातात, वाढतं तिथंच जिवंत बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं. जात नवी निघाली असती तर तिला मास्तरांचं नाव मिळालं असतं, आणि 'शेवाळमास्तर' म्हणून खिदळणारा गाव गप्प बसला असता.

हे सगळं मास्तरांनी हेडमास्तरांना सांगितलं, पोस्टमास्तरांनाही सांगितलं. बायकोला नाही. तिला काय कळणार! संसाराची इतकी वर्षं त्यांनी याच तोऱ्यात काढली होती.

मास्तरांबरोबर आलेले प्रोफेसर आता वाकून सालीवरून बोट फिरवत होते. "मास्तर, थोडंफार कुठं राहिलंय का?"

"न्हाय हो साहेब," वेणूबाईच घाईनं म्हणाली. "कायसुदीक ठेवलं न्हाय. भेगांतलं तर नखानं काढलंय."

मास्तरांना तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं.

"येईल पुन्हा, चार-सहा वर्षांत," प्रोफेसर हळूच म्हणाले. "मी तर यंदा निवृत्त होतोय. पण बघा." मग काहीतरी करायचं म्हणून त्यांनी कॅमेरा काढला. "दोघं झाडाला टेकून उभे राहा."

फोटो झाला. मास्तरांच्या काळ्या कोटाला पाठभर चुना लागला होता. चुन्यानं उललेल्या हातात पदर धरून वेणूबाई तो झाडू लागली.

"साहेबांना आवडलं ना हो?"

"आवडलं," मास्तर म्हणाले, आणि तिचं झाडून होईपर्यंत तसेच पाठमोरे उभे राहिले.