चित्स्केबाईंची खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे, आजाऱ्यांच्या घरी भाड्याने जाणारी. कारखान्यातून निघाले तेव्हा कारागिरांनी माझ्या गुळगुळीत फिरणाऱ्या चाकांचं फार कौतुक केलं होतं. त्यानंतर मला पाहून कुणाचा चेहरा खुलला नाही. मी दारात आले की घरातली माणसं हळू आवाजात बोलू लागतात.

फ्रीसलंड या डच प्रांतात कालव्याकाठी चित्स्केबाई एकट्या राहत. बोटी आल्या की पूल उघडायचा आणि गेल्या की मिटायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. पोटाच्या कर्करोगाने त्यांना माझ्यावर आणून टाकलं. औषधांनीही कळ थांबेना, तेव्हा त्यांनी आपल्या डॉक्टरबाईंकडे मरण मागितलं. तिथला कायदा त्याला वाट देतो, पण खातरजमा केल्याशिवाय नाही. म्हणून दुसरे एक अनोळखी डॉक्टर आले. सगळ्यांना बाहेर पाठवून त्यांनी विचारलं, "असह्य काय झालंय? दुखणं की एकटेपण?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "पण एकटं वाटलं तर मी पत्ते खेळायला शेजारणीला बोलावते, डॉक्टरला नाही."

त्यांचा मुलगा यारिख भेटायला येई, पण दारातच उभा राही. "आई, देवाने दिलेला जीव देवालाच नेऊ दे."

"त्याला वेळ लागतोय रे. आणि कळा मला येतायत, त्याला नाही."

यारिख तडक निघून गेला. मग बरेच दिवस फिरकला नाही. बाई माझा गार कठडा धरून पडून राहत.

दुसऱ्या डॉक्टरांचाही होकार आल्यावर ठरलेल्या सकाळी डॉक्टरबाईंनी शेवटचं विचारलं. बाईंनी दाराकडे पाहिलं. "जरा थांबू या का?"

"हवं तेवढं थांबू. आज नको म्हणालात तरी चालेल."

कॉफी गार झाली. मग यारिख आला.

"मला अजूनही पटलेलं नाही," तो म्हणाला.

"नसू दे पटलेलं. बस इथे."

तो पहिल्यांदाच माझ्या काठावर बसला आणि त्याने आईचा हात हातात घेतला. थोड्या वेळाने बाईंनी डॉक्टरबाईंकडे पाहून होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मला धुऊनपुसून गुदामात ठेवलं. बाईंचं बरोबर होतं की यारिखचं, हे मला आजही उमगलेलं नाही. पण मित्रांनो, एकमेकांचं पटो न पटो, आजाऱ्याशी दारातून बोलू नका. जवळ येऊन बसा. माझ्यावर दोघांपुरती जागा असते.