एका खाटेच्या दोन पाळ्या

भट्टीमास्तर रात्रभर पाव भाजायचा आणि दिवसा झोपायचा. निदान झोपायचा प्रयत्न करायचा. डोक्यावर पत्रा, ऊन चढलं की खोलीत पाय ठेववत नसे. ओला पंचा अंगावर घेऊन तो या कुशीवरून त्या कुशीवर होई आणि संध्याकाळी तारवटलेल्या डोळ्यांनी कामावर जाई. एकदा भट्टीच्या तोंडाशी उभ्या उभ्याच त्याला डुलकी लागली आणि हात कोपरापर्यंत भाजला. बेकरीच्या मालकानं मलम दिलं, वर सुनावलंही, "झोपायचं घरी आणि भाजायचं इथं. उलटं करू नकोस."

तेव्हा त्यानं मनावर घेतलं. ओळखीतल्या एका गवंड्याला घर दाखवायला आणलं. गवंडी बोलका होता.

"भिंती जाड करा," तो म्हणाला. "भरीव विटा लावा आणि वर मातीचा चांगला थर दिलेलं छत. दिवसभराचं ऊन भिंतच पिऊन टाकते, त्याला आत पोचायला रात्र होते. रात्री खिडक्या सताड उघड्या टाकायच्या. गार वारा भिंतीतली धग काढून नेतो आणि सकाळी भिंत पुन्हा ऊन प्यायला मोकळी." मग त्यानं सहज विचारलं, "रात्री वारा गार असतो ना तुमच्याकडे?"

"असतो की! मस्त असतो," भट्टीमास्तर म्हणाला.

त्याला बिचाऱ्याला खोटं बोलायचं नव्हतं. पण त्याची प्रत्येक रात्र भट्टीसमोर जायची. मध्येच घाम पुसत तो बेकरीच्या मागच्या दाराशी उभा राही, तेव्हा बाहेरची कुठलीही हवा त्याला गारच लागे. घरी रात्र काढून त्याला वर्षं लोटली होती. घरामागच्या बोळात दुकानांच्या फ्रीज-एसीची यंत्रं रात्रभर उकाडा ओकतात, हे त्याच्या गावीही नव्हतं. जो माणूस उभा जन्म विस्तवाशी खेळला, त्यालाच गार म्हणजे काय ते सांगता येईनासं झालं होतं. आणि गवंड्यानं विचारलं तेही नेमकं त्यालाच.

खोली झाली. विटा त्यानं स्वतः वाहिल्या, हातात जड लागेल तीच वीट घेतली. स्वयंपाकघरावर मात्र जुना पत्रा तसाच राहिला. भर दुपारी नव्या खोलीत शिरलं की विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं वाटे. भट्टीमास्तर ढाराढूर झोपू लागला. येईल-जाईल त्याला हाताला धरून आत नेई, त्याचा तळवा भिंतीला टेकवी आणि "बघा! आहे का कुणाकडे?" म्हणून कौतुक वसूल करी. बायको म्हणायची, "एवढं कौतुक लग्नात माझं नाही केलंत." तिलाही खोलीचा अभिमान होताच.

त्याच सुमाराला सासरे एकटे पडले. बसचे कंडक्टर म्हणून जन्म गेला होता. आता हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की उकाडा यांना सोसणार नाही, गार जागेत ठेवा, नाहीतर आमच्या हातात काही नाही. लेकीच्या घरी राहायला ते तयारच होईनात. भट्टीमास्तरनंच छाती पुढे काढून सांगितलं, "मामा, आमच्याकडेच चला. एवढी गार खोली तुम्हाला शोधून सापडायची नाही."

मग एकाच खाटेच्या दोन पाळ्या सुरू झाल्या. रात्री सासरे, दिवसा जावई. सासरे दिवसभर गल्लीतल्या झाडाखाली बसत आणि रात्री घरातली सर्वांत चांगली खोली त्यांना मिळे. बायको पहिल्यापासून स्वयंपाकघरातच पत्र्याखाली झोपे. पहाटे भट्टीमास्तर पिठानं माखलेला यायचा, तेव्हा सासरे उठून पायरीवर बसलेले असत.

"या जावईबापू," ते म्हणत, "तुमची जागा धरून ठेवलीय."

"झोप लागली का मामा?"

"राजासारखी."

काही दिवसांतच भट्टीमास्तरच्या लक्षात आलं की सकाळी गादी ओली असते. चांगलीच ओली. तो समजायचं ते समजला. वय झालं की होतं माणसाचं असं. त्यात बोलून दाखवण्यासारखं काय आहे? त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. औषधाच्या दुकानातून मेणकापड आणलं आणि सासरे बाहेर बसले असताना गुपचूप चादरीखाली अंथरलं. दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते लाजले असतील, असं त्याला वाटलं. आपण किती समजूतदारपणे निभावून नेलं याचं त्याला थोडं बरंही वाटलं.

एकदा बायको म्हणाली, "अहो, बाबा सुकत चाललेत. रात्री खोलीत कोंदट होतं का हो? विचारलं तर काही नाही म्हणतात. दारही लावून घेतात."

"कोंदट?" तो उखडलाच. "मी झोपतो ना तिथं रोज! तुझ्या पत्र्याखाली ठेवू का त्यांना?"

तिच्याही मनात पत्रा म्हणजे दिवसाचा जाळच होता, त्यामुळे तो अंधार पडता पडता निवतो, हे सांगायचं तिलाही सुचलं नाही.

मग एका रात्री बेकरीतल्या भट्टीच्या कमानीला तडा गेला. मालकानं विस्तव काढायला लावला आणि सगळ्यांना घरी पाठवलं. कितीतरी वर्षांनी भट्टीमास्तर रात्रीच्या रस्त्यानं घरी चालत निघाला. वाटेत त्याला घाम फुटला. भट्टी नाही, काही नाही, तरी घाम येतोय, याचं त्याला नवल वाटलं.

घरी बायको झोपली होती. त्यानं खोलीचं दार ढकललं. आतली हवा तोंडावर आली आणि तो सवयीनं एक पाऊल मागे सरकला, भट्टीचं झाकण उघडल्यावर सरकतो तसा. खिडक्या सताड उघड्या होत्या. त्यांतून बोळातला उकाडा आत येत होता. त्यानं भिंतीला हात लावला. ही ऊब त्याच्या हाताला पाठ होती. विस्तव काढल्यावरही विटा अशाच तापलेल्या राहतात आणि त्या उबेवर पहाटेपर्यंत टोस्ट वाळतात. ते काम तो रोज करत होता. वीट काय करते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि त्यानंच ती आपल्या हातांनी वाहून आणून एका म्हाताऱ्या माणसाभोवती रचली होती.

सासरे खाली फरशीवर पडले होते. शेजारी बादली, तांब्या, भिजलेला सदरा. गादीवर त्यांनी पाणी ओतून घेतलं होतं. खालच्या मेणकापडामुळे ते तसंच साचून कोमट झालं होतं. त्यांचं अंग कोरडं आणि रखरखीत लागत होतं.

"मामा! अहो मामा!"

"पुढे चला," सासरे पुटपुटले. "पुढे जागा आहे. दारात थांबू नका."

भट्टीमास्तरनं त्यांना उचललं. ते फारच हलके झाले होते. बायको रिक्षा शोधायला अनवाणीच धावली. दवाखान्यात बर्फ लावला, सलाइन लावलं. तरुण डॉक्टरीण म्हणाली, "एका रात्रीचं नाही हे. बऱ्याच रात्री यांच्या शरीराला विसावाच मिळालेला नाही." सासरे पुन्हा शुद्धीवर आले नाहीत. दुपार व्हायच्या आत सगळं संपलं.

घरी परतताना बायको रिक्षात एकदाच बोलली. "मेणकापड तुम्ही घातलंत ना?"

त्यानं मान डोलावली.

"मी परवा चादर बदलताना बघितलं. बाबांना विचारलं. म्हणाले, त्याला वाटतंय तसं वाटू दे. पाणी मी ओतून घेतो म्हटलं तर खोलीला नाव ठेवल्यासारखं होईल. जावयानं हौसेनं बांधलीय, त्याच्याच घरात राहून कुरकुर कशी करायची? मी म्हटलं, आज सांगते यांना. तर मला शपथ घातली." ती बाहेर बघत राहिली. "आणि मी पाळली."

गवंड्याला त्यानं बोलावून घेतलं आणि भिंत पाडायला सांगितली. गवंड्यानं छताकडे बघून नकारार्थी मान हलवली. छताचा सगळा भार भिंतींवर होता. भिंत काढायची तर घरच उतरवावं लागलं असतं. मग राहायचं कुठे? खोली तशीच राहिली.

कमान दुरुस्त झाल्यावर त्याला कामावर जावं लागलं. पहिल्या रात्रपाळीहून परतला तो सरळ स्वयंपाकघरात आडवा झाला. ऊन चढलं, पत्रा तापला, डोळ्यात घाम उतरला. तो हटून पडून राहिला. शेवटी बायको आली.

"जा, आत जाऊन झोपा."

"नको."

"भट्टीवर पुन्हा पेंगलात तर हात जाईल. मग खायचं काय? जा."

तो आत गेला आणि खाटेवर पडला. झोप येणं शक्यच नाही, असं त्याला वाटलं. येऊ नये अशी मनापासून इच्छाही होती. पण खोली गार होती. भिंती बाहेरचं ऊन मुकाट पीत होत्या. आणि त्याला झोप लागली. स्वप्नसुद्धा पडलं नाही. जागा झाला तेव्हा दिवस कलला होता आणि अंग इतकं हलकं झालं होतं की त्याला स्वतःची किळस आली. तो उशीत तोंड खुपसून रडला. झोप पुरी झालेल्या माणसाला रडायलाही ताकद असते.

बाहेर बायकोनं त्याचा डबा भरून ठेवला होता.

"लागली झोप?" तिनं विचारलं.

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं.

"लागली," तो म्हणाला.

तिनं डब्याचं झाकण घट्ट बसवलं आणि डबा त्याच्या हातात दिला.