चौऱ्याण्णववर अडलेला पारा

मित्रांनो, या लाकडी पेटीत सात खाचा आहेत. त्यांपैकी सहा रिकाम्या आहेत. सातव्या खाचेत मी असतो. मी एक जुना, काचेचा तापमापी. माझ्या अंगावर एकशे एकवीस रेघा आहेत, उणे दहापासून एकशे दहापर्यंत. पोटात थोडासा पारा आहे. या पाऱ्यापायी गेल्या सुट्टीत माझी अब्रू जाता जाता वाचली, आणि ती हकिकत सांगायला मी कधीचा उतावीळ झालो आहे!

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. कारागिराने तापलेल्या काचनळीत फुंकर घालून माझा फुगा घडवला आणि त्यात पारा भरला. मग त्याने मला वितळत्या बर्फात उभे केले. पारा थांबला तिथे शून्याची रेघ आली. नंतर उकळत्या पाण्याच्या वाफेत धरले. तिथे शंभराची. मधल्या जागेचे त्याने शंभर सारखे भाग केले, त्याच मापाने खाली आणि वर दहा-दहा रेघा वाढवल्या आणि मला पेटीत ठेवले.

तिथून आम्ही सात भावंडे बंदराजवळच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत गेलो. तिथले काचसामान सांभाळणारे गृहस्थ म्हणजे मी आता राहतो त्या घरातले आजोबा. दरवर्षी ते आम्हाला उकळत्या पाण्यात बुडवून तपासत. शंभर दिसले की पाठ थोपटल्यासारखे पुसत आणि ठेवून देत. तरी भावंडे गेलीच. दोन टेबलावरून घरंगळली, तिघांना मुलांनी चमचा समजून ढवळायला घेतले, एक झटकताना भिंतीवर आपटले. पुढे आकडे दाखवणारी विजेवरची यंत्रे आली. आजोबा निवृत्त झाले तेव्हा मुख्याध्यापकांनी मला त्यांच्याच हाती सोपवले. त्यानंतर नऊ वर्षे मी कपाटात होतो. नऊ वर्षांत खोलीच्या तापमानापलीकडे काही पाहिले नाही.

मग आजोबांनी मला नातीला दिले. ती दहा वर्षांची. दिवसभर प्रश्न विचारते म्हणून घरात सगळे तिला शंकाबाई म्हणतात. "जपून वापर," आजोबा म्हणाले, "हा कधी खोटं बोलत नाही."

सुट्टीत सगळे डोंगरावरच्या एका लाकडी घरात राहायला गेले. खिडकीखालून ढग जात होते! शंकाबाईने मला झऱ्यात बुडवले: अकरा. उन्हातल्या दगडावर टेकवले: एकतीस. मुंग्यांच्या वारुळाशेजारी धरले, शेवाळावर निजवले. नऊ वर्षांचा उपास सुटल्यासारखे मला झाले. शेवटी ती उकळत्या पाण्याच्या पातेल्याकडे वळली.

"बूड पातेल्याला टेकू देऊ नकोस," आजोबा म्हणाले.

पारा सरसर चढला. नव्वद, ब्याण्णव, चौऱ्याण्णव. आणि थांबला. पाणी खळखळा उकळत होते, पण पारा पुढे जाईना. माझ्या काचेला घाम फुटायचाच बाकी होता.

"शंभर हवं ना गं?" तिचा दादा हसला. "तुझा खरं बोलणारा तर सहा अंशांची थाप मारतोय."

"जुनं झालंय ते," बाबा म्हणाले. "जाताना काढून टाकू."

आजोबांनी चष्मा लावून दोनदा पाहिले. मग हळूच म्हणाले, "बिघडलाच असेल. वय झालं की होतं असं. माझंही विसरणं वाढलंच आहे."

शंकाबाईने मला पुसले आणि वहीत ९४ लिहिले.

दुपारी आई बटाट्यांवर वैतागली. "घरी वीस मिनिटांत शिजतात. इथे पाऊण तास झाला तरी मेले दगडच! शेगडीच बिघडलीय."

"पण आई, ज्योत मोठी आहे. पाणी उकळतंय," शंकाबाई म्हणाली.

"मग?"

"मग पाणीच कमी गरम असेल! बटाटा पण तेच सांगतोय, जे हा सांगतोय."

"दोन्ही साक्षीदार फितूर आहेत," दादा म्हणाला आणि वेफर्सचे पाकीट उचलले. पाकीट टम्म फुगले होते. खाली दुकानातून घेतले तेव्हा चपटे होते. तो फोडणार इतक्यात शंकाबाईने ते ओढून घेतले. "थांब! हे का फुगलं?"

आजोबा ताठ बसले. "वर हवा विरळ असते, बाळ. बाहेरून कमी दाबते, म्हणून आतली पसरते."

"मग ती पाण्यालाही कमीच दाबत असेल ना? म्हणजे पाणी लवकर उकळत असेल, शंभर व्हायच्या आधीच!"

"असेल," आजोबा म्हणाले. "पण 'असेल' वहीत लिहायचं नसतं. तपासायचं."

मित्रांनो, परतीचा तो प्रवास! रस्त्याकडेला उंची लिहिलेला दगड दिसला की गाडी थांबायची, शेगडी पेटायची, पातेले चढायचे. "आपण सुट्टीला आलोय की चहा विकायला?" बाबा कुरकुरले, पण दुसऱ्या थांब्यावर वाऱ्याला आडोसा म्हणून टॉवेल धरून तेच उभे होते. बाराशे मीटरवर पारा शहाण्णववर थांबला. सहाशेवर अठ्ठ्याण्णववर! "आणखी खाली चला!" असे चक्क दादा ओरडला. त्याच्या मांडीवरचे पाकीट हळूहळू पोट आत घेत होते. आजोबा दर वेळी चष्मा पुसत होते, दोनदा, तीनदा.

एक विनवणी करतो. जुनी वस्तू वेगळे काही सांगू लागली, तर तिला टाकण्याआधी एकदा तपासा. मला चमच्यासारखे ढवळू नका, झटकू नका, वापरून झाल्यावर पुसून खाचेत ठेवा. आणि माझ्यासारखा कुणी फुटलाच, तर सांडलेल्या पाऱ्याला हात लावू नका. खिडक्या उघडून खोलीबाहेर या आणि मोठ्यांना हाक मारा. तो विषारी असतो.

संध्याकाळी गाडी बंदरावर पोचली. वाळूत शेगडी लावली. शंकाबाईने मला आजोबांच्या हातात दिले. तिने खालून आपला हात धरला. बूड पातेल्याला टेकले नाही. आजोबांनी वाचले आणि तिने वहीत लिहिले.

उंची तीन मीटर. उकळत्या पाण्याचे तापमान शंभर अंश.