मीटरवाले आणि दोनशे अठरा नंबरची खोली

कार्ड तिसऱ्यांदा लावलं तरी दारावरचा दिवा लालच लागला. मीटरवाल्यांनी कार्ड शर्टाच्या बाहीला पुसलं, उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं आणि पुन्हा लावलं. पुन्हा लाल.

दार तर तेच होतं. दोनशे अठरा. दारासमोर तोच करड्या-नारिंगी चौकटींचा गालिचा, भिंतीवर तेच होडीचं चित्र, कोपऱ्यात तेच घरघरणारं बर्फाचं मशीन. आत बायको झोपलेली होती आणि तिला एकटीला सोडून सव्वा तास होऊन गेला होता.

"अगं, मी आहे," ते दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाले. आत सामसूम. मग त्यांनी तीनदा टकटक केलं आणि आपली जुनी हाक दिली, "मीटर!"

मीटरवाले हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. पण अडतीस वर्षं वीज कंपनीत मीटरचं रीडिंग घेतल्यावर माणसाचं खरं नाव विचारतो कोण? दिवसाला दीडशे-दोनशे दारं, तीन टकटक आणि "मीटर!" इतक्या वर्षांत एकदाही चुकीच्या दारात गेलो नाही, एकाचं रीडिंग दुसऱ्याच्या नावावर टाकलं नाही, हे ते कुणी विचारो न विचारो, सांगत असत. लग्नात भेटलेल्या नातेवाइकांना सांगत, दवाखान्यात शेजारी बसलेल्याला सांगत. संध्याकाळी घरी आल्यावरही ते स्वतःच्याच दारावर तीनदा टकटक करून "मीटर!" म्हणत आणि आतून बायको ओरडे, "जिन्याखाली आहे, बघून घ्या!" मग हसत दार उघडे. चाळीस वर्षांचा हा विनोद. शिळा झाला म्हणून कुणी टाकून दिला नव्हता.

गेल्या दोन वर्षांत मात्र आतून उत्तर येणं बंद झालं होतं. आधी ती चष्मा विसरायला लागली. त्यात काय, चष्मा कोण विसरत नाही? मग गॅसवरचं दूध विसरली, मग शेजारणीचं नाव, आणि एके दिवशी आंघोळ करून आली ती विचारायला लागली, "आपण कुणाकडे आलोय हो? फार दिवस राहणं बरं दिसत नाही." मीटरवाल्यांना राग यायचा. "आठव ना जरा! डोक्याला ताण दे!" असं ते खेकसायचे आणि मग रात्रभर स्वतःवरच चिडायचे. मुलगी परदेशातून फोनवर सांगून थकली, "बाबा, इकडे या दोघं. तुम्हाला एकट्याला झेपायचं नाही." त्यांचं एकच, "मी आहे की." शेवटी एका दुपारी बायको दोन गल्ल्या पलीकडे, परक्याच्या दारावर टकटक करत उभी सापडली, तेव्हा त्यांनी हत्यार टाकलं.

म्हणून हा प्रवास. पहिलं विमान दुपारी उतरलं, दुसरं उद्या सकाळी अकराला. मधल्या मुक्कामासाठी मुलीने विमानतळाजवळचं हॉटेल ठरवून दिलं होतं. जगभर ज्या कंपनीची एकसारखी हॉटेलं असतात, तिचं एक. नारिंगी रंगाची व्हॅन न्यायला आली होती. हॉटेलच्या बाजूच्या दाराशी उतरताना भिंतीवरच्या काचेच्या पेटीत मीटर दिसलं आणि सवयीने त्यांनी त्याच्या नंबराचे शेवटचे चार आकडे वाचले. बायकोने कोपर मारलं. "इथेही? सुट्टी घ्या की जरा." कितीतरी दिवसांनी ती अशी बोलली होती. मीटरवाले खोलीत पोहोचेपर्यंत खुशीत होते.

खोलीत सामान मोजलं तेव्हा कळलं की औषधांची निळी पिशवी नाही. विमानतळावर ढकलगाडीतच राहिली होती. आता आली का पंचाईत! बायकोला सोबत न्यावं, तर सरकत्या जिन्यापाशी ती सकाळीच घाबरून खाली बसली होती. शेवटी ती झोपल्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लिहिली, 'पिशवी आणायला गेलोय. अर्ध्या तासात येतो. कुणालाही दार उघडू नकोस.' फोन चार्जिंगला लावलेला होता, तो घाईत तसाच राहिला. पिशवी हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर मिळाली, पण रांगेत बराच वेळ गेला. बाहेर आले तर नारिंगी व्हॅन उभीच. बसले आणि आले.

आणि आता हे दार.

दार उघडलं. मीटरवाल्यांच्या जिवात जीव आला, पण घटकाभरच. समोर एक टॉवेल गुंडाळलेला गृहस्थ उभा होता, अर्ध्या गालावर साबणाचा फेस.

"कसलं मीटर?" तो म्हणाला.

मीटरवाल्यांनी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. तोच पलंग, तीच नारिंगी उशी, खिडकीपाशी तीच खुर्ची. बायको नाही. तिची चादर नाही, चपला नाहीत, चिठ्ठी नाही.

"माझी बायको कुठाय?"

"अहो काका, मला काय माहीत?"

"ती इथे झोपली होती. या पलंगावर. आता, तासाभरापूर्वी."

"मी कालपासून आहे इथे." गृहस्थाने टॉवेल घट्ट धरला. "तुम्ही खाली विचारा. काहीतरी घोटाळा झालाय तुमचा."

दार लागलं. एखादी वस्तू जागेवरून हलते, माणूसही हलतं. पण चादरीसकट, चपलांसकट? आणि हा माणूस कालपासून? भिंतीला धरून ते लिफ्टपर्यंत आले. लिफ्टही तीच होती, आरशासकट. आरशातला म्हातारा तेवढा ओळखीचा वाटेना.

खाली काउंटरवर एक तरुण मुलगी होती. गळ्याला नारिंगी रुमाल. दुपारीही नारिंगी रुमालाचीच मुलगी होती. ती हीच का? मीटरवाल्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि सांगता येईना.

"दोनशे अठरामध्ये माझी बायको होती. ती नाहीये. तिथे दुसराच माणूस दाढी करतोय."

मुलीने त्यांचं नाव विचारलं, संगणकात घातलं. पुन्हा घातलं. "या नावाने इथे कुणीच नाहीये हो."

"असं कसं? दुपारी तुम्हीच तर कार्ड दिलंत!"

"मी? माझी ड्यूटी आताच सुरू झालीय." तिने कार्ड हातात घेतलं. "कार्ड आमचंच आहे. पण चालू नाहीये. जुनं असेल. याआधी कधी राहिला होतात का इथे?"

"आजच आलोय मी!"

त्यांचा आवाज चढला तशी मुलगी काउंटरमागून बाहेर आली. कामाला लागून तिला चारच दिवस झाले होते आणि ओरडणाऱ्या पाहुण्याशी कसं बोलायचं हे तिला शिकवलेलं असावं. तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, पाण्याचा पेला दिला. तेव्हा त्यांच्या हातातली निळी पिशवी कलंडली आणि गोळ्यांचा डबा बाहेर आला. झाकणावर डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं, 'विसरण्यासाठीची गोळी, सकाळ-संध्याकाळ.' डॉक्टर घाईत असावेत. मुलीने ते वाचलं आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"आजोबा," ती हळू, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "या गोळ्या वेळेवर घेता ना?"

"माझ्या नाहीत त्या. बायकोच्या आहेत."

"हो, हो. बायकोच्या." तिने मान डोलावली. "आज घेतली का?"

"अहो, तिच्या आहेत म्हणतोय ना!"

"हो ना. बरोबर आहे तुमचं. घरी कोण असतं? मुलगा, मुलगी? नंबर आठवतोय का कुणाचा? जरा आठवून बघा."

आठवून बघा. आपल्या परदेशातल्या मुलीचा नंबर त्यांना झोपेतही म्हणता आला असता. पण फोन लावून सांगायचं काय? तुझी आई हरवली म्हणून? की मी हरवलोय म्हणून? आणि ही मान डोलावण्याची पद्धत त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. ते स्वतः रोज अशीच डोलवत. बायको म्हणे, "आई येणारे आज," आणि ते म्हणत, "हो, हो, येणारे." तिला तेव्हा काय वाटत असेल याचा विचार त्यांनी केलाच नव्हता. खरं बोलावं आणि समोरच्याने हो-हो म्हणावं, याच्यासारखं एकटेपण नाही. त्यांना रडूच आलं. आणि मग जी भीती वाटली ती आयुष्यात कधी वाटली नव्हती. बायको आपल्यासोबत आली होती हे नक्की ना? की तिला तिकडेच ठेवून आलोय? की गोळ्या खरंच माझ्या?

त्यांनी डोळे मिटले. डोक्यात सगळं गरगरत होतं आणि त्या गरगरण्यात एकच गोष्ट स्थिर उभी होती. चार आकडे. चार, चार, एक, सात.

"तुमचं मीटर कुठाय?" ते उठून म्हणाले.

"काय?"

"विजेचं मीटर. बाजूच्या दाराशी असेल, काचेच्या पेटीत."

मुलीला आता खात्रीच पटली असणार. "आजोबा, बसा ना तुम्ही, आपण कुणालातरी बोलावू," म्हणत ती मागे धावली. पण मीटरवाले चालायला लागले होते, ड्यूटीवर चालत तसे, खांदा थोडा वाकवून. बाजूचं दार उघडलं. भिंतीवर पेटी होती, जिथे असायला हवी तिथेच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेला नाक लावलं.

"नऊ, शून्य, दोन, सहा," ते म्हणाले. मग सरळ उभे राहिले. "हे घर माझं नव्हे."

"म्हणजे?"

"दुपारी मी पाहिलेलं मीटर संपतं चार हजार चारशे सतरावर. रीडिंग नाही म्हणत मी, रीडिंग वाढतं. मीटरचा नंबर. तो जन्मात बदलत नाही. मीटर वेगळं म्हणजे इमारत वेगळी. मला भलत्याच ठिकाणी आणून सोडलंय."

मुलगी त्यांच्याकडे, मग पेटीकडे बघत राहिली आणि तिने कपाळावर हात मारला. "अय्या! आमचं दुसरं पण आहे ना, विमानतळाच्या पलीकडे! अगदी असंच आहे. व्हॅन पण सारख्याच." तिने आत धावत जाऊन फोन लावला. मीटरवाल्यांचं नाव तिकडे होतं. दोनशे अठरा, दोन माणसं. खोलीतला फोन मात्र वाजून वाजून थांबला. कुणी उचलला नाही.

"सॉरी हं, काका," मुलगी म्हणाली. आजोबाचे आता काका झाले होते. "मला वाटलं की..."

"वाटायचंच," मीटरवाले म्हणाले. तिच्यावर रागवायला त्यांच्याकडे तोंड कुठे होतं?

व्हॅनने विमानतळाला अख्खा वळसा घातला. त्या वीस मिनिटांत मीटरवाल्यांनी बायकोला जिन्यावर पाहिलं, रस्त्यावर पाहिलं, परक्या दारांवर टकटक करताना पाहिलं. बाजूच्या दाराशी उतरल्यावर, पाचावर धारण बसलेली असतानाही, त्यांनी पेटीकडे पाहून घेतलं. चार, चार, एक, सात. मग ते जिन्यानेच वर गेले. लिफ्टसाठी थांबवेना.

दोनशे अठरा. कार्ड हातात होतं, पण ते लावायचं सुचलंच नाही. त्यांनी तीनदा टकटक केलं.

"मीटर!"

क्षणभर काहीच नाही. मग आतून स्पष्ट, खणखणीत आवाज आला, "जिन्याखाली आहे, बघून घ्या!"

मीटरवाले दाराला टेकले. दोन वर्षं! दोन वर्षांनी ते उत्तर आलं होतं. त्यांना हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. पावलं जवळ आली, कडी निघाली आणि दार उघडलं. बायको नीट केस विंचरून, पदर सारखा करून उभी होती. ती हसत मात्र नव्हती. तिने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"जिन्याखाली नाही दिसलं का?" तिने अदबीने विचारलं. "थांबा मग. हे येतीलच एवढ्यात, ते दाखवतील. घाम किती आलाय तुम्हाला! आत या, पाणी देते."

मीटरवाल्यांच्या ओठांवर आलं होतं, 'अगं, मी! आठव ना जरा!' पण ते आत गेले आणि पलंगावर न बसता खिडकीपाशी, खुर्चीच्या कडेवर बसले, परक्या घरी बसायचे तसे. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "वहिनी, चिठ्ठीत लिहिलंय ना, कुणाला दार उघडू नका म्हणून?"

"लिहिलंय ना. पण मीटरवाल्याला नाही म्हणू नये. हेही तेच काम करतात." चिठ्ठी तिच्या हातातच होती, घडी करून करून मऊ झालेली. "अर्ध्या तासात येतो म्हणालेत."

"उशीर झालाय त्यांना."

"छे हो. येतील. आजवर कधी दार चुकलं नाही त्यांचं."

मीटरवाल्यांनी डब्यातून एक गोळी काढली. "त्यांनीच दिलीय. संध्याकाळची घ्यायला सांगितलीय तुम्हाला."

"कुठे भेटले?"

"वाटेत."

"मग ठीक." तिने गोळी घेतली, त्यांच्याच पेल्यातलं उरलेलं पाणी प्यायली. मग तिला काहीतरी आठवलं. ती उठली, दारापाशी गेली आणि आपली एक चप्पल फटीत सरकवली, दार लागू नये म्हणून.

"त्यांच्याकडे किल्ली नसेल," ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर येऊन बसली.

मीटरवाल्यांनी मान डोलावली नाही. पिशवी मांडीवर घेऊन तेही दाराकडे बघत बसले.