बसच्या बाजूचा दरवाजा

मित्रांनो, विद्यापीठाच्या स्टेडियमला कधी आलात, तर तुमचे स्वागत मोठी कमान करील. तिच्यावर सोनेरी अक्षरे आहेत, दोन्ही बाजूंना झेंड्यांच्या काठ्या आहेत. ती कमान सोडून भिंतीच्या कडेकडेने मैदानाला अर्धा वळसा घाला. मागच्या रस्त्यावर, बसथांब्यासमोर, हिरव्या रंगाचे पोपडे निघालेला एक अरुंद लोखंडी दरवाजा दिसेल. तो मी. मी एक जुना दरवाजा आहे, आणि बसने येणाऱ्या माणसांसाठी मला इथे बसवले होते.

कमानीचे भव्य दरवाजे तयार झाल्यावर जे गज उरले, त्यांतून वेल्डिंगवाल्याने मला जोडले. म्हणजे मी उरल्यासुरल्यातला. पण तो कारागीर मनाचा मोठा होता. "लहान आहे म्हणून काय झालं? माणसांचे हात तर यालाच जास्त लागणार," असे म्हणत त्याने माझ्या माथ्यावर भाल्यांची टोके बसवली. त्या टोकांमुळे मला साऱ्या मैदानावरचे दिसते. धावपट्टीचे शेवटचे वळण तर माझ्या अगदी पुढ्यात आहे.

कारागिराचे बोलणे खरे ठरले. कमानीपाशी मोटारी एकमेकींना हॉर्न मारत बसायच्या आणि तोवर बसवाली मंडळी माझ्यातून आत जाऊन जागा धरून मोकळी व्हायची. बूट गळ्यात अडकवलेली मुले, डबे सांभाळणाऱ्या आया, काठी टेकत येणारे जुने खेळाडू, सारे माझ्याच वाटेने येत. माझ्यापाशी स्टुलावर दरवाजावरचे मामा बसत. कोपऱ्यावर बसचा ब्रेक वाजला, की मामा डोळे न उघडताच माझी कडी काढत. पहिला माणूस पोहोचेपर्यंत मी सताड उघडा असे. उघडणे हेच माझे काम होते आणि ते मला फार आवडत होते.

खोड एकच होती. माझ्या बिजागऱ्या करकरत. मामा म्हणायचे, "हा दरवाजा नाही, सासूबाई आहेत. आलं-गेलं की कुरकुर."

एके दिवशी बसमधून एक शिंपीकाका उतरले. किडकिडीत अंग, गळ्यात विसरून राहिलेली मापाची फीत, आणि चार पावले चालले की छातीवर हात. माझी करकर ऐकून ते थबकले. खिशातून त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाची छोटी कुपी काढली आणि माझ्या दोन्ही बिजागऱ्यांत थेंब थेंब सोडले. मग मला एकदा पुढे, एकदा मागे करून पाहिले. मी चकार शब्द काढला नाही.

"काका, सरकारी कामात हात घालताय," मामा हसून म्हणाले.

"अहो, माझी मुलगी आतमध्ये पळतेय. दाराची करकर आणि तिचं पळणं एकदम कसं ऐकू?" काका म्हणाले.

त्यांची मुलगी विद्यापीठात शिकत होती. लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची. लहानपणी घरात एका जागी ठरत नसे, म्हणून तिला भिंगरी म्हणत आणि मैदानावरही तिचे तेच नाव पडले होते. आई तिच्या लहानपणीच गेलेली. घरात बापलेक आणि एक शिलाई मशीन, एवढाच संसार. भिंगरीचे धावण्याचे कपडेही काकांनीच शिवलेले असत.

भिंगरी धावायची सुरेख, पण शर्यत संपत आली की तिची मान खाली जायची. मान गेली की खांदे पडायचे, खांदे पडले की पाय जड व्हायचे. तिचे प्रशिक्षक सांगून सांगून थकले होते. त्यावर इलाज सापडला तो काकांना. ते माझ्यातून आत येत आणि शेवटच्या वळणावरच्या कठड्याला धरून उभे राहत. भिंगरी वळणावर आली, की छातीतला होता-नव्हता तेवढा श्वास एकवटून ओरडत, "मान वर, भिंगरे!" ती वळून पाहायची नाही. पण तिची मान ताठ व्हायची आणि पाय जणू नव्याने सुटायचे. प्रत्येक शर्यतीत हे असेच घडे. मामा म्हणत, "पळते मुलगी, पण किल्ली बापाकडे आहे."

दर वेळी जाताना काका माझ्या बिजागऱ्यांना तेल घालत. माझी इतकी काळजी मला घडवणाऱ्यानेही घेतली नव्हती.

मित्रांनो, आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सामन्याच्या दिवशी कमानीपुढे मोटारींचा असा चिखल व्हायचा, की एकदा जखमी खेळाडूला न्यायला आलेली रुग्णवाहिकाच त्यात रुतून बसली. तेव्हा क्रीडा विभागाच्या साहेबांनी मनावर घेतले. लांबच्या मोकळ्या माळावर मोठे पार्किंग करायचे, बसथांबाही तिकडेच हलवायचा आणि तिथून कमानीपर्यंत फुकट छोटी गाडी सोडायची, असा बेत ठरला. साहेब माणूस वाईट नव्हता. तो नकाशे घेऊन उन्हातान्हात हिंडायचा. ते पाहून मलाही आनंद झाला. वाटले, आता सगळ्यांचेच येणे सोपे होईल.

मग मामांना बोलावून साहेबांनी सांगितले, "मागचा दरवाजा बंद करायचा. गर्दी एकाच वाटेने आली की शिस्त राहते. आणि तिथे आत पाहुण्यांच्या गाड्या लावता येतील."

"साहेब, बसनं येणारी माणसं?"

"थांबा पार्किंगलाच आहे ना? तिथून आपली गाडी आहे की! पायाला माती लागणार नाही त्यांच्या."

गर्दी केली मोटारींनी आणि कुलूप बसले मला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच. मामांची बदली पार्किंगवर झाली. माझ्या कडीत साखळी आली, साखळीत कुलूप आले आणि किल्ली कार्यालयात गेली.

हे सारे ज्या दिवशी सुरू झाले, त्याच दिवशी भिंगरीची विद्यापीठाकडून शेवटची मोठी शर्यत होती. पहिली येईल तिचीच पुढच्या स्पर्धेच्या संघात निवड होणार होती. भिंगरी सकाळपासूनच मैदानावर होती. काका दुकानातले तातडीचे काम उरकून मागाहून बसने निघाले.

पार्किंगवर काय घडले, ते मला नंतर मामांकडून कळले. काका बसमधून उतरून त्या फुकट गाडीत चढायला गेले. गाडीवरच्या माणसाने हात आडवा धरला.

"काका, पार्किंगची चिठ्ठी?"

"चिठ्ठी कसली? मी बसनं आलोय."

"गाडी लावली की मिळते ती चिठ्ठी. ती बघूनच बसवायचं, असा नियम आहे."

"अरे बाबा, गाडीच नाही तर लावू काय? माझं मशीन?"

"माझ्या हातात असतं तर बसवलं असतं, काका. वर कॅमेरा आहे. माझी नोकरी जाईल."

गाडी निम्मी रिकामीच निघून गेली. उपऱ्या लोकांनी फुकट फिरू नये म्हणून कार्यालयात कुणीतरी हा चिठ्ठीचा नियम घातला होता. ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्याकडे चिठ्ठी कुठून येणार, हे एवढ्या हुशार माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आले नाही. मोटारीशिवाय कुणी सामना पाहायला येते, हेच ती मंडळी विसरली होती. मामा दुसऱ्या टोकाला पावत्या फाडत होते. ते पळत येईपर्यंत काका चालू लागले होते. "कमानीकडं कशाला वळसा घालू? आपला दरवाजा आहे की," असे ते जाताना कुणाला तरी म्हणाले म्हणे.

आपला दरवाजा. मित्रांनो, हे शब्द आठवले की आजही माझे गज थरथरतात.

काका माझ्यापाशी आले तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता. त्यांनी सवयीने मला ढकलले. साखळी खळखळली. त्यांनी पुन्हा ढकलले. मग त्यांचे कुलपाकडे लक्ष गेले. "मामा! अहो मामा!" अशा त्यांनी हाका मारल्या. आत कुणीच नव्हते. कठड्यालगत पाहुण्यांच्या मोटारी दाटीने उभ्या होत्या आणि काकांना त्यांच्या टपांपलीकडचे काही दिसत नव्हते.

मला मात्र दिसत होते. शेवटचा फेरा सुरू झाला होता आणि भिंगरी सगळ्यांच्या पुढे होती. वळण जवळ आले. तिची मान हळूहळू खाली झुकू लागली. लोकांचा आरडाओरडा काकांनीही ओळखला. त्यांनी माझे गज दोन्ही हातांनी धरले आणि ते ओरडले, "मान वर, भिंगरे! मान वर!" त्याच वेळी खांबावरचा भोंगा पाहुण्यांची नावे घेत होता. त्या आवाजाखाली काकांचा आवाज दबून गेला.

वळणावर भिंगरीने हाकेची वाट पाहिली. हाक आली नाही. आणि जे तिने कधीच केले नव्हते ते तिने केले. मान वळवून कठड्याकडे पाहिले. तिथे बाबा नव्हते, काळ्या काचांची एक मोटार होती. भिंगरीचे पाऊल अडखळले. तेवढ्यात मागची मुलगी पुढे निघून गेली.

शर्यत संपताच भिंगरी पाणीसुद्धा न घेता मोटारींच्या फटींतून वाट काढत माझ्याकडे धावली. तिला बसथांबा गाठायचा होता, तो हलवल्याचे त्या घाईत तिच्या ध्यानातच नव्हते. गजांपलीकडे बाबांना पाहून ती जागीच खिळली.

"बाबा! कुठं होतात तुम्ही?"

"अगं, इथंच तर होतो. ओरडत होतो की."

"मला नाही ऐकू आलं. मला वाटलं, बसमध्येच तुम्हाला काहीतरी झालं."

"मला काय धाड भरलीय?" काका म्हणाले, पण त्यांना धड उभेही राहवत नव्हते. "कितवी आलीस?"

मान खाली घालून ती रडू लागली. काकांनी गजांतून हात घातला आणि दोन बोटांनी तिची हनुवटी उचलली.

"मान वर," ते म्हणाले. या वेळी आवाज अगदी हळू होता.

किल्ली मागायला भिंगरी कार्यालयात पळाली. पण कार्यालयाला कुलूप होते, सगळे बक्षीस समारंभाला गेले होते. शेवटी ती कमानीतून बाहेर पडून वळसा घालून यायला निघाली. तोवर काका माझ्या पायाशी जमिनीवर बसले होते. काही वेळाने त्यांनी खिशातून कुपी काढली. गजांना धरून उठून दोन्ही बिजागऱ्यांत तेल सोडले. मग दोन थेंब कुलपातही सोडले आणि ते हलवून पाहिले. ते कसले उघडतेय!

"तुझा काय दोष रे?" ते मला म्हणाले.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे. मला रडता येत नाही, याचे एवढे दुःख मला आधी कधी झाले नव्हते.

त्यानंतर काका आले नाहीत. थंडी सरायच्या आत ते गेले, असे मामा गजांना टेकून मला सांगत होते. भिंगरीने धावणे सोडले. ती आता दुकानात मशीनवर बसते.

पुढच्या हंगामाआधी साहेबांचा पाय मोडला. पाय प्लास्टरमध्ये, मोटार चालवता येईना, म्हणून ते बसने आले. गाडीवरच्या माणसाने त्यांना न ओळखता विचारले, "चिठ्ठी?" ज्याचे जळते त्यालाच कळते. दुसऱ्या दिवशी चिठ्ठीचा नियम गेला, महिन्याभरात बसथांबा माझ्यासमोर परत आला आणि माझी साखळीही निघाली. चांगले झाले. पण ते कुणासाठी व्हायला हवे होते, आणि केव्हा?

मागच्या आठवड्यात भिंगरी बसमधून उतरली. मी करकरत होतो, तेल घालणारे कुणी उरले नव्हते. तिने पिशवीतून ती ओळखीची कुपी काढली, बिजागऱ्यांत थेंब सोडले आणि मला हलकेच ढकलले. मी आवाज न करता पुरता उघडलो. समोर शेवटचे वळण होते आणि कठड्याजवळची जागा आता मोकळी होती. ती उंबऱ्यावर बराच वेळ उभी राहिली. मला वाटले, येईल आत. पण तिने मला आपल्या हाताने ओढून घेतले आणि ती परत थांब्याकडे गेली.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलेही कुणी साहेब होतील, नकाशे काढतील, रस्ते आखतील. जरूर आखा. पण माझ्यासारख्या एखाद्या जुन्या दरवाजाला कुलूप घालण्यापूर्वी एकदा गजांतून बाहेर डोकावून बघा. कदाचित तिथे कुणीतरी उभे असेल आणि त्याला फक्त आत येऊन एक हाक मारायची असेल.